बाईंचे कान

९ जानेवारी
टाळ्या! वाचनालयाचा हॉल भरला होता. मला वाटलं होतं, ही येईल आणि दोन-चार पेन्शनर येतील, तेही पंख्याखाली डुलक्या काढायला.

माझ्या भाषणाचा विषय — कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके बसवायची आमची विद्या, कसं सुरू झालं, कसं वाढलं. सुरुवातीच्या लोकांना परवाना नाही म्हणून तुरुंगात टाकलं, ते सांगितलं. मग त्यांच्यातच जुंपली — एक गट म्हणे फक्त हातांनी मणके सरकवायचे, दुसरा म्हणे बाकीचे उपचारही जोडीला घ्या. मग कॉलेजं, परीक्षा, कायदे... इथे लोक जांभया द्यायला लागले. तेव्हा हुकमाचं पान काढलं. बहिरा झाडूवाला! अगदी पहिला पेशंट. ही विद्या काढणाऱ्याने पाठीतला एक मणका जागेवर बसवला आणि माणसाला रस्त्यावरच्या गाड्यांची खडखड ऐकू आली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

दुसरी हकीकत सांगितली नाही. झाडूवाल्याच्या मुलीने पुढे सांगितलं म्हणे की त्या दोघांची थट्टामस्करी चालली होती, पाठीवर पुस्तकाचा धपाटा बसला, तिथून सगळं सुरू झालं. कानाची नस त्या मणक्यातून जातच नाही, हे डॉक्टर लोक तेव्हापासून ओरडतायत, तेही नाही. दोन्ही टिपून नेलं होतं. पान उलटलं आणि पुढे गेलो.

दादा आला नाही. मोठा भाऊ, कान-नाक-घशाचा डॉक्टर. मी हे शिकून आलो तेव्हापासून, हाडं कडकड वाजवतो म्हणून, मला ‘कडकडे’ म्हणतो. चारचौघांत.

१२ जानेवारी
शाळेतल्या गाण्याच्या बाई आल्या. परवा पहिल्या रांगेत होत्या. "मुलं बेसूर गातायत की मलाच ऐकू येत नाही, तेच कळेना, डॉक्टर. कानाच्या डॉक्टरांनी हात टेकले. यंत्र लावलं की पियानो पत्र्यावर वाजवल्यासारखा वाटतो. तुमच्या त्या झाडूवाल्यासारखं मला करा की!"

म्हणायला हवं होतं — बाई, माझ्याकडे पाठ दुखली तर यायचं. तोंडातून निघालं, "झोपा पालथ्या. बघू या."

२० जानेवारी
चमत्कार! दुसरा शब्द नाही. मानेत कट्‌ झालं, बाई उठून बसल्या. मी विचारलं, "काही फरक?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या — "येतंय हो! ऐकू येतंय!"

दादाला मुद्दाम फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांना एकदा माझ्याकडे तपासायला पाठव." जळतो नुसता! आता म्हण कडकडे.

३ फेब्रुवारी
दवाखान्यातली बाकडी पुरेनात. पाठीचं कोणी बोलतच नाही. कुणाचे कान, कुणाचे डोळे, एकाचा मुलगा गणितात नापास होतो! हसलो, पण परत पाठवलं नाही कुणालाच.

बेकरीत काम करणारी एक बाई लेकीला घेऊन आली. चिमणी म्हणतात तिला. तीन वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, बोलत नाही. "मोठ्या डॉक्टरांनी कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन सांगितलंय. तारीख पण दिलीय. पण एवढ्याशा डोक्याला सुरी लावायची... गाण्याच्या बाईंना तुमच्या हाताने गुण आला म्हणतात. मग कशाला फाडाफाडी?"

मोठे डॉक्टर म्हणजे दादाच.

चिमणीच्या मानेला नुसती बोटं टेकवली. तिने हसून माझा अंगठा धरून ठेवला. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात आणा."

का म्हणालो?

१७ फेब्रुवारी
चिमणी. जशी होती तशी. आई म्हणाली, "काल पातेलं पडलं तर वळून बघितलंन!" मी म्हणालो, "छान."

१ मार्च
लिहू नये असं वाटतंय. लिहितो तरी.

शाळेवरून जात होतो. म्हटलं, बाईंना भेटू. त्या पियानोशी, दाराकडे पाठ. हाक मारली. पुन्हा मारली. अगदी खांद्यामागे जाऊन मारली. नाही वळल्या. समोरच्या एका मुलीने बोट दाखवलं तेव्हा वळल्या — "अगबाई, डॉक्टर!" आणि नजर माझ्या ओठांवर. मी मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवून विचारलं, "कार्यक्रम कधी आहे मुलांचा?"

"हो हो, चहा घेऊनच जा," म्हणाल्या.

ओठ वाचतात! पहिल्यापासून. नोकरी टिकावी म्हणून शाळेला सांगितलं असणार, कान बरे झाले. आणि मी गाढव, कधी एकदा तरी मागून बोलून बघितलं? नाही. बघायचंच नव्हतं.

चहा घेतला. वर बिस्किटही खाल्लं.

२ मार्च
चिमणी आली. सांगितलं नाही. बोटं टेकवली.

३ मार्च
हिला सगळं सांगितलं. भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवली. "तुला लाज कोणाची वाटतेय? त्या पोरीची की भावजींची?"

उत्तर इथे देतो. दादाची. पोरीने अंगठा धरलेला आठवतो, तरीही आधी दादाचाच चेहरा डोळ्यांपुढे येतो. शी!

५ मार्च
बेकरीत गेलो. चिमणीची आई पीठ मळत होती. सांगितलं — माझ्याने काही होणार नाही, होणारच नव्हतं, बाईंनाही ऐकू येत नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग पातेलं पडलं तेव्हा?"

"जमिनीला हादरा बसतो. तो कळला असेल तिला."

"तेव्हा तुम्ही छान म्हणालात."

"हो."

"का म्हणालात?"

पिठाचे हात तसेच, माझ्याकडे बघत उभी. मागे भट्टीवरचा माणूस पाव काढायचा थांबला. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ते आज कळलं.

मग चिमणीला घेऊन तिघं दादाकडे. मीच दार ढकललं. त्याने चिमणीला मांडीवर घेतलं, कान बघितले, आईला म्हणाला, "बरं केलंत आलात." तिच्यासमोर मला एक शब्द नाही. त्या बाहेर गेल्यावर म्हणाला, "तिची तारीख गेली. आता पुढची मिळेपर्यंत उन्हाळा येईल. या वयातला एकेक महिना बोलण्याचा असतो रे."

"शिव्या दे मला."

"देतो. तारीख लवकर मिळणार आहे का त्याने?"

कडकडे म्हणाला नाही. म्हणायला हवं होतं.

८ मार्च
दारावर पाटी लावली. ‘इथे फक्त पाठ, कंबर आणि मानदुखीवर उपचार होतात. कानासाठी कानाच्या डॉक्टरांकडे जावे.’ निम्मी बाकडी रिकामी. एक म्हातारे पाटी दोनदा वाचून म्हणाले, "मग इतके दिवस काय करत होता?" मी म्हणालो, "खोटं बोलत होतो." त्यांना वाटलं, थट्टा करतोय.

चिमणीच्या घरी खेळणं घेऊन जाणार होतो. ही म्हणाली, "नको. तुझं मन हलकं व्हावं म्हणून त्या घरात जाऊ नकोस." नाही गेलो.

१२ मार्च
पाटी वाचून गाण्याच्या बाई आल्या. त्यांना समोर बसवलं, सावकाश बोललो, "बाई, मी रागावलेलो नाही. नोकरीसाठी माणूस खोटं बोलतो."

"नोकरी? राजीनामा तर मी तुमच्याकडे येण्याआधीच दिला होता, आता वर्ष संपेपर्यंतच शिकवतेय."

"मग ऐकू येतंय असं का म्हणालात?"

त्या म्हणाल्या — "फरक पडला का, असं विचारलंत तेव्हाचा तुमचा चेहरा तुम्ही बघितला नाहीत, डॉक्टर. इतका केविलवाणा! मला वाटलं, माझे कान तर गेलेच आहेत. याला कशाला मोडायचं?"