अर्धा रस्ता तुमचा, अर्धा माझा

प्रिय कवळीवाले,

पाकीट घरी न येता तुमच्या लॅबच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नका. इकडे सगळं खुशाल आहे, कुणी आजारी नाही आणि मी उसने पैसे मागायलाही लिहीत नाहीये. आपण इतकी वर्षं फोनवर ‘निघालो’ आणि ‘पोचलो’ एवढंच बोलत आलो, तेव्हा त्याहून जास्त काही बोलायला गेलो तर माझी ततपप होणार हे मला ठाऊक आहे. आणि घरी पाठवलं असतं तर तुमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे एकेकाळच्या माझ्या सौभाग्यवतींनी, ते आधी उघडून, शुद्धलेखन तपासून मग तुमच्या हातात दिलं असतं. नको रे बाबा. तुमच्या त्या दातांच्या ट्रेमध्ये, मेणाच्या आणि प्लास्टरच्या पसाऱ्यात बसूनच निवांत वाचा.

दुकान बरं चाललंय. एका वकिलाच्या ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या भरायला आल्यात, त्यामुळे आपल्या लेकीच्या, भिंगरीच्या, खर्चाचे ह्या महिन्याचे पैसे पहिल्याच तारखेला पाठवले, बाईसाहेबांना मिळाले असतील. भिंगरी गेल्या खेपेला आली होती तेव्हा तिने एका उशीला स्वतः कडेची शिवण घातली. नागमोडी आली, पण मी उसवली नाही. गिऱ्हाइकाला ठोकून दिलं, हल्ली अशीच फॅशन आहे. सोळावं लागलं की काय जीभ सुटते हो पोरींना! मला म्हणते, बाबा, तू आणि काका दोघंही ऑम्लेट खाताना डोळे मिटता. आपण डोळे मिटतो हे मला ह्या वयात लेकीकडून कळलं.

तुम्हाला तो सगळा इतिहास बाईसाहेबांच्या बाजूने माहीत असेल, आता माझ्या बाजूने ऐका. आम्ही वेगळे झालो तेव्हा भिंगरी पाच वर्षांची होती. नोकरीमुळे आई मुलीला घेऊन तिकडे लांब गेली, मी दुकान धरून इथेच राहिलो. मुलीच्या खर्चाचे पैसे दर महिन्याला मी द्यायचे, यावर वाद नव्हता. बाप आहे, देणारच. घोडं अडलं ते येण्याजाण्याच्या खर्चावर. तो निम्मा-निम्मा, असं कोर्टाने सांगितलं. पण निम्मा म्हणजे कसा? तिकीट तिने काढलं की मी म्हणायचो, महागातलं काढलंस. मी काढलं की ती म्हणायची, मुलीला कसल्या खटाऱ्यात बसवलंस. शेवटी वकील आमच्यापुढे हात टेकून म्हणाले, अहो, पैसे राहू द्या, रस्ताच निम्मा वाटून घ्या. मग नकाशा काढला, बोट ठेवलं, आणि ते बोट पडलं नेमकं त्या पेट्रोल पंपावर. महिन्यातून एकदा शनिवारी तिने मुलीला तिथवर आणायचं, मी तिथून पुढे न्यायचं. रविवारी उलटी वरात.

पहिली काही वर्षं ती स्वतः यायची. पंपाजवळच्या हॉटेलात आम्ही दोन टेबलांवर पाठीला पाठ लावून बसायचो. मुलगी इकडून तिकडे, दप्तर इकडून तिकडे, की संपलं. चहा कपातच निवायचा.

मग तिचं लग्न झालं आणि मुलीला सोडायला तुम्ही येऊ लागलात. पहिल्या दिवशी मी काय ठरवून आलो होतो, सांगू? तुमच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. बसमध्ये सारखा घोकत होतो. तुम्ही गाडीचं मागचं दार उघडलंत, भिंगरी उतरली, आणि माझी नजर गेली सीटवर. रेक्झिन फाटलेलं, आतली स्प्रिंग वर आलेली! जित्याची खोड, दुसरं काय. तोंडातून निघूनच गेलं की ही स्प्रिंग मुलीच्या मांडीत घुसेल. तुम्ही माझ्याकडे नुसते टक लावून बघत राहिलात. मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. तर तुम्ही विचारलंत, तुमची डावीकडची दाढ दुखते का हो, बोलताना गाल धरताय. दाढ महिनाभर ठणकत होती, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, घरात होतं कोण! त्या रविवारी मी सुई-दोरा घेऊन आलो आणि पंपावरच सीट शिवली. तुम्ही तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर दिलात. मुलगी मात्र आपल्या दोघांच्या मध्ये उभी राहून फिदीफिदी हसत होती.

तेव्हापासून आपलं टेबल एक झालं. हॉटेलातले गल्ल्यावरचे आजोबा आपल्याला साडू समजतात, आणि आपण दोघांनीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. करणार तरी कसा? खरं सांगितलं असतं तर बिचाऱ्यांचा गल्ल्याचा हिशेब चुकला असता.

आणि तो सोफा! त्या वर्षी माझ्या गल्लीच्या तोंडाशी तयार फर्निचरचं मोठं दुकान उघडलं. लोक जुन्या खुर्च्या भरून घेण्याऐवजी फेकून द्यायला लागले. मी मुलीच्या पैशांत मागे पडलो. एक महिना, दुसरा महिना. बाईसाहेबांनी खरमरीत फोन केला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं; मुलीची फी माझ्या गिऱ्हाइकांची वाट बघत थांबत नाही. त्या शनिवारी मला तुमच्यासमोर मान वर करवत नव्हती. तुम्ही पैशांचा विषयच काढला नाहीत. चहात बिस्कीट बुडवत एवढंच म्हणालात, आमचा सोफा पार बसलाय, नवा घ्यायचं चाललंय, तुम्ही बघता का जरा. बाईसाहेब हिशेबनीस खऱ्या. त्यांनी तीन दुकानांत भाव विचारला, मधला धरला, आणि तेवढीच रक्कम माझ्या थकबाकीतून वळती केली, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. उपकार नव्हता म्हणून तर मला तो घेता आला. टेम्पोतून सोफा पंपावर उतरला तेव्हा भिंगरी त्यावर मांडी घालून बसली आणि आजोबा गल्ला सोडून ओरडत बाहेर आले की आता इथे बिऱ्हाड थाटता की काय! ज्या सोफ्यावर माझी पूर्वीची बायको तिच्या आत्ताच्या नवऱ्याशेजारी बसून टीव्ही बघते, तो मी भरलाय, आणि देवाशप्पथ सांगतो, इतकं जीव लावून मी दुसरं काम केलेलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या आठवड्यात बाईसाहेबांचा फोन आला. त्यांच्या ऑफिसात नवीन आलेल्या एका बाईंकडून त्यांना कळलं की तुमच्या गावाहून माझ्या गावाला थेट रेल्वे आहे, आणि तीही दोन वर्षांपासून. सकाळी बसलं की दुपारी जेवायला हजर. भिंगरी आता मोठी झाली, एकटी येईल, तिकीट निम्मं-निम्मं, म्हणजे तुमचं पेट्रोल वाचलं आणि माझी बस. त्यांनी सगळा हिशेब मांडून दाखवला आणि वाचलेले पैसे मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला टाकायचे हेही ठरवून टाकलं. चूक काढायला जागा नव्हती. मी म्हटलं, अरे वा, मला तर काही कल्पनाच नव्हती!

साफ थाप. कवळीवाले, आमच्या स्टेशनमास्तरांची खुर्ची मीच भरली आहे. ती पोचवायला गेलो त्याच दिवशी नव्या गाडीची वेळ फळ्यावर रंगवत होते. मी उभा राहून अख्खी वाचली, आणि घरी येऊन गप्प बसलो. एरवी दोरा वाया गेला तर जीव खालीवर होणारा मी, दोन वर्षं जादा भाडं भरून त्या खडखडत्या बसने येत राहिलो. फोन ठेवल्यावर वकिलाच्या खुर्चीला खिळे ठोकत बसलो आणि दोनदा अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. मला वाईट वाटत होतं. मुलगी तर येणारच होती, उलट लवकर येणार होती. मग वाईट कशाचं वाटतंय, हे माझं मलाच कबूल करायला दोन दिवस लागले.

काल भिंगरीचा फोन आला. हसू आवरत नव्हतं तिला. म्हणाली, बाबा, आईने जेवताना काकांना विचारलं, तुम्ही रोज स्टेशनवरूनच लॅबला जाता, तुम्हाला गाडी दिसली नाही? तर काकांचे कान लाल झाले आणि त्यांनी आमटी परत परत वाढून घेतली. शेवटी म्हणाले, ती गाडी नेहमी लेट असते असं ऐकलं होतं. आईने कपाळाला हात लावला. मी भिंगरीला विचारलं, तुला माहीत होतं का गं? तर कार्टी म्हणते, पहिल्या दिवसापासून! शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, मी बोलले असते तर तुम्ही दोघं कुठे भेटला असता?

फोन ठेवून मी बराच वेळ हसलो, मग डोळे पुसले, मग हा कागद ओढला. येत्या शनिवारी भिंगरी पहिल्यांदाच थेट गाडीने येणार आहे. तिला रविवारी गाडीत बसवून देईन. पण त्याच्या पुढच्या शनिवारी मी नेहमीच्या बसने पंपावर येतोय. ह्या प्रवासाचा खर्च कुठल्याही करारात लिहिलेला नाही, तेव्हा ज्याचा त्याने करायचा. सोडायला कुणी नसेल, न्यायला कुणी नसेल, तरी तुम्ही या. घरी विचारलं कुठे निघालात, तर आमटी मागू नका, सरळ सांगा, मित्राला भेटायला चाललोय. हा शब्द आपण आजवर कधी उच्चारला नाही. मी आत्ता लिहिला, आणि लिहून बरं वाटलं.

तुमचाच,
सोफेवाला