चिरंजीवांचा हिमालय

येरवडा, पुणे ६
१७ एप्रिल २००५

ती. आई यांस,
सोनालीचा सविनय जयभीम.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि चौथ्याच दिवशी तुम्ही हिरवा चष्मा लावून शेजारच्या मुलाची शुद्धलेखनाची वही तपासलीत, असं कळलं. (डॉक्टरांनी वाचायला मनाई केली होती ना? असो. मुख्याध्यापिका निवृत्त होतात, त्यांची लाल पेन्सिल होत नाही.) हे पत्र मात्र शेजाऱ्यांकडून वाचून घेऊ नका. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. पायल मजेत आहे. तिचे पुढचे दोन्ही दात एकदम पडल्यामुळे ती सध्या 'स'ला 'थ' म्हणते आणि मला 'थोनाली' अशी हाक मारते. फोनवरच बोलले असते, पण फोन हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये तुमचे चिरंजीव बसलेले असतात. तक्रार त्यांचीच आहे.

येत्या मेमध्ये आमच्या लग्नाला दहा वर्षं होतील. या दहा वर्षांत आम्ही तीनदा महाबळेश्वरला गेलो आणि तिन्ही वेळा धम्मदीपरावांनी सगळे पॉइंट गाडीची काच वर करून पाहिले. एकदा मी हट्टाने खाली उतरवलं, तर दरीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "इथे मोबाइलला रेंज का नाही?" माझी नोकरी पाटबंधारे खात्यातली, कालव्याच्या भरावावरून उन्हात पायपीट करण्याची. ते कल्याणीनगरच्या काचेच्या इमारतीत प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांच्या अंगावर ऊन पडतं ते पडद्याच्या फटीतून. म्हणून मी या वर्षी म्हटलं, साडी नको, बांगड्या नकोत, मला हिमालयात न्या. आठ दिवसांचा ट्रेक, साडेबारा हजार फुटांवरची खिंड. ते लगेच हो म्हणाले. (इतक्या पटकन ते फक्त अमेरिकेतल्या क्लायंटला हो म्हणतात. त्याचं पुढे काय होतं, हे त्यांच्या टीमला विचारा.)

दुसऱ्याच रविवारी त्यांनी लॅपटॉप उघडून मला आणि पायलला समोर बसवलं. तेवीस स्लाइड होत्या. पाचव्या स्लाइडवर संभाव्य धोके: अस्वल, दरड, जुलाब, जळवा (बर्फात!), आणि नवव्या क्रमांकावर 'सौ.चा उत्साह'. शेवटी पायलने विचारलं, "बाबा, याच्यात डोंगर कुठे आहे?" तर म्हणाले, तो दुसऱ्या टप्प्यात येईल.

मग त्यांनी ट्रेकच्या आयोजकांना छळायला घेतलं. दीनानाथ म्हणून शनिवार पेठेतले सत्तरीचे गृहस्थ आहेत. गेली तीस वर्षं माणसं हिमालयात नेतात आणि बहुतेक परत आणतात. चिरंजीवांनी त्यांना फोन करून विचारलं, "तंबूत प्लग पॉइंट असतो का?"

"असतो. वायर पुण्याहून आणायची."

"आणि कमोड?"

"आहे ना. चारी दिशांना."

एवढं झाल्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. यांनी तिसरा फोन करून रात्रीच्या जेवणात पर्याय काय असतात ते विचारलं. "दोन असतात," दीनानाथ म्हणाले, "जेवणे आणि न जेवणे," आणि फोन ठेवला.

सरावाचंही ऐका. आपण सातव्या मजल्यावर राहतो, म्हणून रोज जिना चढायचा असं ठरलं. दोन दिवस चढले. तिसऱ्या दिवशी लिफ्टने वर येऊन जिन्याने खाली जाताना मी पकडलं, तर उतरणं हाही ट्रेकचाच भाग असून त्याकडे लोक दुर्लक्ष करतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. बूट आणले, तेही नवे राहावेत म्हणून खोक्यातच ठेवले. मागच्या रविवारी मात्र मी त्यांना सिंहगडाच्या पायथ्याला नेऊन उभं केलं. पहिल्या वीस मिनिटांत त्यांनी उतरणाऱ्या अकरा जणांना 'अजून किती?' असं विचारलं. अकराही जण 'आलंच' म्हणाले. त्यानंतर त्यांचा समाजावरचा विश्वास उडाला. दह्याची पाटी डोक्यावर घेतलेल्या सरुबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आम्हाला ओलांडून वर गेल्या, पाटी रिकामी करून खाली आल्या, आणि यांना त्याच दगडावर पाहून थांबल्या. "पाव्हणं, तुमी अजून हितंच हाय व्हय?" म्हणाल्या. आई, मला हसू आलं. आवरायला हवं होतं, आवरलं नाही. मी हसतच एकटी वर गेले. वर पोचल्यावर छाती इतकी धडधडत होती की बुरुजाच्या सावलीत अर्धा तास नुसती बसून राहिले, आणि उतरून आल्यावर वाऱ्याचं फार कौतुक केलं.

परतताना खडकवासल्याजवळ त्यांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "तुला नवरा नको आहे, हमाल हवा आहे."

मी म्हटलं, "हमाल निदान चढतो तरी."

हे मी बोलायला नको होतं. तुमचा मुलगा आहे म्हणून म्हणत नाही, दुसऱ्या कुणाचा असता तरी नको होतं. दोन दिवस आमच्या घरातला सगळा पत्रव्यवहार पायलमार्फत झाला. ('थोनाली, बाबा विचारतात डबा कुठे आहे.')

बुधवारी ते कचेरीतून लवकर आले आणि ट्रेकचे दोन्ही फॉर्म सही करून माझ्यासमोर ठेवले. "येतो मी," म्हणाले. "तू वर जाऊन एकटी काय बघतेस ते मला बघायचंय." आता फक्त डॉक्टरांचा दाखला बाकी होता. मी अगदी विजयी मुद्रेने त्यांना घेऊन आपल्या पूर्णिमा डॉक्टरांकडे गेले. वाटेत सांगितलंसुद्धा, की नापास झालात तर वाईट वाटून घेऊ नका. डॉक्टरांनी आधी माझा रक्तदाब घेतला. १७० वर १०५. पुन्हा घेतला. तोच. मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. त्यांनी तेच मशीन यांच्या दंडाला बांधलं, तर १२० वर ८०, पुस्तकात छापतात तसं. बाईंनी यांचा दाखला तिथल्या तिथे लिहून दिला आणि मला म्हणाल्या, "सोनाली, या मेमध्ये तुला मी गच्चीवरसुद्धा पाठवणार नाही."

आई, ते हसले नाहीत. हेच मला सहन झालं नाही. दहा वर्षांत मी जे बोलले, त्याच्या निम्म्याने जरी त्यांनी तिथे परतफेड केली असती, तरी मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझी पर्स उचलली, औषधं घेतली आणि गाडी इतक्या हळू चालवली की शेवटी मला सांगावं लागलं, "अहो, मला रक्तदाब आहे, मी गरोदर नाही." घरी आल्याबरोबर त्यांनी दीनानाथांना फोन करून दोघांची नावं ऑक्टोबरच्या तुकडीत टाकायला सांगितली. मी म्हटलं, तुम्ही तरी जा. म्हणाले, "दमल्यावर मला टोमणे कोण मारणार?" दीनानाथांनी फोनवर मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हिमालय कुठे जात नाही. तुम्ही जाऊ नका म्हणजे झालं." त्यांच्या तोंडून निघालेलं हे सर्वात गोड वाक्य असावं.

तेव्हापासून घरात मीठ नाही. बरणी त्यांनी आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. पापड बंद, शेव बंद, चटणी बंद. पलीकडे तुरुंगाच्या उंच भिंतीआड जे राहतात त्यांनाही आमटीत मीठ मिळत असणार, मी तर काही गुन्हाही केलेला नाही. आणि ते स्वतः? रोज सकाळी सात मजले दोनदा चढतात, घाम पुसत येतात आणि मला विचारतात, "बरं वाटतंय ना?"

तब्येतीची काळजी घ्या. पायलचा तुम्हाला 'थप्रेम जयभीम'.

तुमची सून,
सोनाली

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. पायलच्या शाळेला सुट्टी लागली की तुम्ही मेमध्ये महिनाभर इकडे या. येताना तुमच्या हातचं कैरीचं लोणचं आणा. बरणीवर 'मोरावळा' अशी चिठ्ठी लावा, तुमचं अक्षर पाहून ते शंका घेणार नाहीत.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. जानेवारीत आमच्या कचेरीत आरोग्य तपासणी झाली, तेव्हाच मला रक्तदाबाचा हा आकडा सांगितला होता. तो कागद मी साडीच्या घडीत ठेवला. वाटलं, एकदा औषध सुरू झालं की मला कुणी कुठे जाऊ देणार नाही, त्याआधी बर्फ पाहून यावं. हे त्यांना माहीत नाही. तुम्ही आलात की मीच सांगेन, तुम्ही नुसत्या शेजारी बसा. लोणचं आणू नका. गोळी मी बुधवारपासून घेते आहे. ती कडू नाही, पण मी गिळेपर्यंत ते पाण्याचा पेला धरून समोर उभे राहतात, तेव्हा त्यांच्याकडे बघवत नाही.