दिवाळखोराच्या घरचा चहा

बाबा, गेल्या वर्षी मी तुमच्या ऑफिसात गेले होते, दिवाळखोर म्हणून. तुम्ही जिथे आयुष्यभर कारकुनी केलीत, ते कोर्टाचं दिवाळखोरीचं खातं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि तोवर तिथे एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं. लहानपणी मात्र फार उत्सुकता असायची, की सकाळी डबा घेऊन तुम्ही गिरगावातून निघता ते जाऊन बसता कुठे, आणि ज्यांच्या घरी जाऊन तुम्ही सामानाची यादी करता ती माणसं दिसतात तरी कशी.

आपलं स्वयंपाकघर म्हणजे पडद्यापलीकडची जराशी जागा. तुम्ही पाटावर बसून मेथी निवडताय, आई स्टोव्हला पंप मारतेय आणि मी पडद्याशी बसून ऐकतेय. आई विचारते, "आज कुणाकडे?" नाव तुम्ही कधीच सांगत नाही. "होता एक कापडवाला," एवढंच म्हणता. "त्याची बायको होती घरी. चहा दिला तिने." आई पंप मारायची थांबते. "आणि घेतलात तुम्ही? त्यांचीच भांडी मोजायला जायचं आणि त्यांच्याच कपातून चहा प्यायचा! उतरतो कसा घशाखाली?" तुम्ही मेथीची काडी मोडत म्हणता, "नाही घेतला तर तिला वाटेल, आता आपल्या घरचं पाणीसुद्धा कुणी पिणार नाही." आई पुन्हा पंप मारायला लागते. मी एकदा गॅलरीत खेळताना हरलेल्या मुलाला "दिवाळं वाजलं, दिवाळं वाजलं" म्हणून चिडवलं होतं, तेव्हा तुम्ही बाहेर येऊन माझा हात धरलात. मारलं नाहीत. "हा शब्द खेळायचा नाही," म्हणालात आणि आत गेलात. शब्द खेळायचा नाही म्हणजे काय, हे कोडं मला पुष्कळ दिवस पुरलं.

तुम्हाला माहीत नाही अशा बऱ्याच गोष्टी झाल्या. मी लग्न केलं नाही. दादरला दुकान काढलं, शाळांच्या गॅदरिंगसाठी कपडे भाड्याने द्यायचं. मावळे, पऱ्या, वाघ, भाजीपाला, सगळं मीच शिवायचे. डिसेंबर आला की दुकानात उभं राहायला जागा नसायची. चांगलं चाललं तसं कर्ज काढून शेजारचा गाळाही घेतला, चार बायका कामाला ठेवल्या. मग साथ आली आणि शाळाच बंद झाल्या. दोन वर्षं एकाही पोराने स्टेजवर पाय ठेवला नाही, भाडं आणि हप्ते मात्र चालू. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, ते फेडायला तिसरं. शाळा उघडल्या तोवर आईबाप मोबाईलवरून तयार ड्रेस मागवायला शिकले होते. वसुलीवाले दुकानात यायचे, घरी यायचे, शेजाऱ्यांना फोन करायचे.

दादाने मला वरळीला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाला, "माझं घर गहाण टाकू. तुझं सगळं फिटेल." वकिलाने सुचवलेला दुसरा मार्ग मी त्याला सांगितला, तसा तो एकदम चढ्या आवाजात बोलायला लागला. "बाबांची मुलगी त्याच ऑफिसात जाऊन उभी राहणार? दिवाळखोर म्हणून? बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

खरं सांगते, मला राग आला नाही. मला वाटलं, प्रश्न चांगला आहे. काय वाटलं असतं तुम्हाला? इतक्या लोकांना तुम्ही त्या अवस्थेत पाहिलंत, त्यांच्याबद्दल तुमचं मत काय होतं? चहा घेत होतात, ते दया म्हणून की रीत म्हणून? मी हे सगळं मनात घोळवत असताना वहिनी ताटं उचलता उचलता हळूच म्हणाली, "घर दोघांच्या नावावर आहे हं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. दुकान बुडालं होतं ते माझं. त्यात तिच्या डोक्यावरचं छप्पर कशाला ओढायचं?

वकिलाने बजावलं, नाव जाहीर होईल, कर्जातून सुटकेचा हुकूम मिळेपर्यंत कर्ज काढता येणार नाही, परदेशी जायचं तर परवानगी घ्यावी लागेल. मी म्हटलं, "मी बोरिवलीलासुद्धा जात नाही हो." तो हसला आणि मग मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी हसले असेन.

तर अशी मी तुमच्या ऑफिसात पोचले. माझा नंबर येईपर्यंत मी प्रत्येक टेबल निरखून पाहिलं. तुमचं कुठलं असेल? खिडकीजवळचं असावं, तुम्हाला उजेड लागायचा. पुढे दुकानातल्या मालाची यादी करायला तिथलीच एक तरुण मुलगी आली. तिने एक हिरवा झगा उचलून उलटासुलटा केला. "हे काय आहे, ताई?"

"कोबी."

"कोबी लिहू?"

"कोबीच लिहा. तो बाजूला आहे तो फ्लॉवर. लोक चुकतात."

तिने गंभीरपणे लिहून घेतलं. मी शेजारच्या टपरीवरून चहा मागवला आणि ती काय करते ते बघत राहिले. "नको ताई, चालत नाही आम्हाला," म्हणाली आणि पिशवीतली स्वतःची बाटली काढून पाणी प्यायली. मी वाट पाहत होते, की आता लागेल मनाला. काही लागलं नाही हो, बाबा. तिचा कपही मीच पिऊन टाकला. तुम्ही उगीच इतके चहा प्यायलात की काय, असं वाटून गेलं. जाताना तिने शिलाई मशीनवर हात ठेवला. "हे तुमचं कामाचं साधन, हे राहू दे तुमच्याकडे." त्या वाक्याने मात्र डोळे भरून आले.

आता मी एका साडीच्या दुकानात फॉल-पिको करते, ब्लाउज शिवते. कमाईतला काही भाग कोर्टात जातो. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं, ते थांबलं. वसुलीवाल्यांना वकिलाचा नंबर द्यायचा, एवढंच. आपल्या चाळीतले दोघंतिघं माझ्याशी बोलायचे बंद झाले, पण ज्यांची मला अपेक्षा नव्हती असे काही जण येतात, दार लोटून घेतात आणि विचारतात, "तुम्ही ते कसं केलंत?" मी वकिलाचा पत्ता देते. दादा बरेच महिने आला नाही. गणपतीत आला, मोदक खाल्ले, आणि जाताना जिन्यावर थांबून म्हणाला, "काय विचारलं ग कोर्टात?"

"कर्ज कशासाठी काढलंत, विचारलं."

"मग?"

"म्हटलं, पऱ्यांच्या पंखांसाठी."

तो कठड्याला धरून हसला. डोळे पुसले. "येत जा ग घरी," म्हणाला.

हे पत्र कुठे टाकता येणार नाही, हे मला कळतं. तरी रविवारची दुपार घालवून लिहिलं त्याला कारण आहे. तुमची वाक्यं मला पाठ आहेत, पण ती मला आईच्या आवाजात ऐकू येतात. तुम्ही गेल्यावर आईच ती परत परत सांगायची ना. मला वाटलं, लिहिता लिहिता तुमचा आवाज आठवेल. नाही आठवला.