हाव कमी करा

३ मार्च २०२५, सोमवार

"हाव कमी करा."

तीन शब्द. सकाळपासून डोक्यात घुमतायत. दोन भाकरी करपल्या त्यापायी.

पुण्याच्या डबिंगवाल्या मॅडमचा मेसेज आला. "ऋतुजाचा आवाज बुटीसाठी पक्का! २३ तारखेला रेकॉर्डिंगला या. सगळं गोड आहे, फक्त हाव कमी करा."

मोबाईलवर तो खारीचा गेम आहे, शेंगा गोळा करत उड्या मारायचा. त्याचा कार्टून सिनेमा निघाला आणि आता तो मराठीत होतोय. बुटी म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी खार. दिसेल ती शेंग तिलाच पाहिजे! मॅडमनी पोरांचे व्हिडिओ मागवले होते. मी विचारायचं, "या सगळ्या शेंगा तुझ्याच का?" आणि ऋतुजाने म्हणायचं, "हो, माझ्याच!" ती म्हणाली, "हाव, माझ्याच!" मला तेव्हाच खटकलं होतं. म्हटलं, आठ वर्षांचं पोर आहे, चालून जाईल. नाही चाललं.

मी पुण्यात होस्टेलला एक वर्ष काढलं. पहिल्याच दिवशी मेसच्या काकूंनी विचारलं, अजून पोळी? मी म्हटलं, हाव. अख्खं टेबल फिदीफिदी हसलं. तिथून माझं नाव पडलं 'हावरट'. वर्षभर कुणी उज्वला म्हटलं नाही. आता माझ्या तोंडून तो शब्द झोपेतसुद्धा निघत नाही. आणि आता माझ्या पोरीला तेच! तेच शहर, तोच शब्द.

हसू देणार नाही. वीस दिवस आहेत.

४ मार्च

घरात नियम केला. 'हाव' बंद, 'न्हाई' बंद, 'लई' बंद.

मामा ओसरीत शेंगा फोडत बसले होते. कंधारहून येताना पोतंभर आणल्यात नातीसाठी. ते फोडतात, ही खाते, दोघांच्या गप्पा चालतात. सगळं तिथूनच येतं! सासरे आहेत म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. आज सांगितलं, तिच्यापुढे जरा नीट बोलत जा.

"म्हंजे कसं?"

"हाव नाही म्हणायचं. हो म्हणायचं."

"हाव," म्हणाले. मुद्दाम नाही, सवयीने. ऋतुजा खो खो हसली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मामांनी हातातली शेंग खाली ठेवली.

९ मार्च

ऋतुजाच्या तोंडून 'हाव' काल एकवीस वेळा. आज चौदा.

१३ मार्च, गुरुवार

होळीच्या दिवशी भांडण. हे म्हणे, "पोरगी जेवताना बोलेनाशी झाली. एकदा फोन करून विचार तरी त्या बाईला, नेमकं काय पाहिजे."

विचारायचं काय त्यात? वाचता येतं मला! यांना काय, जन्म नांदेडात गेला. कुणी हसलं नाही कधी यांना. मी चांगलं सुनावलं. पुरणपोळीला कुणी हात लावला नाही. राहू दे.

तसं पाहिलं तर पोरगी बोलते. पण बोलायच्या आधी थांबते. माझ्या तोंडाकडे बघते, मग बोलते. पण बरोबर बोलते!

१६ मार्च

मामा कंधारला गेले. हरभऱ्याचं खळं आहे म्हणाले. बारा दिवस झाले, ते ऋतुजाशी नुसती मान हलवून बोलत होते. तिने विचारलं, आबा, शेंग देऊ? मान. आबा, पाणी आणू? मान. मी काय त्यांना मुके व्हा म्हटलं होतं? माझ्यावरच राग काढतात सगळे. नीट बोला एवढंच म्हटलं होतं.

बस हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, "सांभाळून जावा पुण्याला." तेसुद्धा माझ्याकडे बघून. तिच्याकडे नाही.

१९ मार्च

आज एकदाही नाही. एकदाही नाही!

संध्याकाळी मामांचा फोन आला. ऋतुजा बोलली. "हो आबा. नाही आबा. खूप छान चाललंय आबा." तिकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "कोन बोलून राहिलं? ऋतुजाला द्या."

मी फोन घेतला आणि रेंज नाही म्हणून ठेवून दिला.

२४ मार्च, सोमवार

कालचं पुण्यातलं लिहायला हात धजत नाही, पण लिहितेच.

काचेची खोली. आत ऋतुजा, कानावर तिच्या डोक्याएवढे हेडफोन. बाहेर मॅडम, मी आणि बटणांवरचा माणूस. पडद्यावर बुटी शेंगांच्या ढिगावर बसलेली. ऋतुजा म्हणाली, "हो, माझ्याच." स्वच्छ. पुण्यात जन्मल्यासारखी. मी मनात म्हटलं, हसा आता!

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." मग परत पुन्हा. अकरा वेळा. मग माझ्याकडे वळून, "ही तीच मुलगी ना?"

आत जाऊन त्यांनी तिला जवळ घेतलं. "बाळा, व्हिडिओत कशी बोलली होतीस? तसं बोल ना. तुझ्या घरी बोलतेस तसं." ऋतुजा काचेतून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान हलवली, बोल म्हणून. तिला ते 'नको' वाटलं की काय कोण जाणे. ओठ दाबून उभी राहिली. तिला समजेना, आता नेमकं कोणतं बोलणं घरचं.

मी मॅडमना मेसेज दाखवला. म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं, हाव कमी करा म्हणून!

त्यांनी वाचला. मग म्हणाल्या, "अहो, बुटी फारच अधाशी वाटत होती. ओरडून म्हणत होती ना माझ्याच, माझ्याच. ती हाव कमी करा म्हटलं, लोभ. तिचं ते 'हाव' तर आम्हाला इतकं आवडलं होतं की त्यावरूनच निवडलं तिला."

लोभ!

मग लोभ म्हणायचं होतं. अधाशीपणा म्हणायचं होतं. हपापलेपण, लालूच, आशाळभूतपणा, शंभर शब्द पडलेत मराठीत! नेमका हाच सापडला बाईला? परतीच्या प्रवासात परभणीपर्यंत मी त्यांना शिव्या घातल्या. मनातल्या मनात. मग शिव्या संपल्या.

मला दोन्ही अर्थ माहीत होते. होस्टेलच्या पोरींनी त्या दोन्ही अर्थांवरच तर नाव पाडलं होतं माझं. आणि हावरी खार, शेंगांचा ढीग, सगळं समोर असताना मी एकच अर्थ वाचला.

२६ मार्च

मॅडमचा मेसेज. बुटीचा आवाज पुण्याची मुलगी देणार. "ऋतुजाला वाईट वाटू देऊ नका."

वाईट वाटू देऊ नका म्हणे.

३० मार्च, गुढीपाडवा

कंधारला गेलो. मामांच्या पाया पडले. म्हटलं, माझं चुकलं, चला घरी. ते म्हणाले, "येतो. पन मी काय म्हनायचं आता, ते सांगून ठिवा बाई."

मला 'अगं उज्वला' म्हणायचे ते. आज 'बाई' म्हणाले. डबे भरून घेतले आणि त्यांना घेऊन निघालो.

१ जून, रविवार

सिनेमा लागला. चौघं गेलो.

बुटीचं सगळं बोलणं त्या दुसऱ्या मुलीचं. शेंगांच्या ढिगावरचं वाक्य आलं आणि मी खुर्चीला धरलं. "हाव, माझ्याच!" तो आवाज ऋतुजाचा! आम्ही पाठवलेल्या जुन्या व्हिडिओतला, साफसूफ करून घातलेला. तेवढी एकच ओळ ठेवली होती त्यांनी. अख्खं थिएटर हसलं, पण त्या मेसच्या टेबलासारखं नाही. मागच्या रांगेतलं एक पोर लगेच तसंच म्हणून बघायला लागलं. मामांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हटलं, "अगं उज्वला, आपली हाय की ही!"

ऋतुजाने माझा पदर ओढला. कानात विचारलं, "मम्मी, माझं चुकलेलंच कसं ठेवलं त्यांनी?"

म्हटलं, "चुकलेलं नव्हतं ते, बाळा. तेच बरोबर होतं."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. थांबली.

"हो," म्हणाली.