शालूच्या पॅकेजाने दिलेला नकार

चि. शालू,

आशीर्वाद. आष्टीत सगळे बरे आहेत. तुझी पाठ कशी आहे, खुर्चीला उशी घेतलीस का?

"ताई, तू दोघींनाबी हो म्हणून राह्यली, मंग एकीचा सैपाक वाया जाणार." माझ्या केळवणाच्या वेळी तू म्हणाली होतीस, परकरातली एवढीशी. मी दोन्ही मावश्यांना एकाच दुपारचं हो म्हटलं होतं. कुणी दुखावू नये म्हणून दोन्हीकडे पुरणपोळ्या खाल्ल्या आणि हळदीला लिंबूपाणी पीत बसले. (फोटोत मी लाजलेली दिसते, ती लाज नव्हे.)

आता माझ्या संगणक वर्गाचं ऐक. वंदनाकाकूंनी जुने संगणक दिले, अट एकच: कंपन्यांनी आतला कोड उघडून न दाखवलेला सॉफ्टवेअरचा एकही तुकडा आत नको. मी हो म्हटलं. वर्गातल्या मुलींना सोमवारच्या ऑनलाइन परीक्षेसाठी वायफाय हवं. त्यांनाही हो म्हटलं. तू लिनक्स कर्नलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या गाभ्याच्या, मूळ कोडचं जे पॅकेज बांधतेस, त्यात दोन ऐच्छिक सोयी: एक असले बंद तुकडे काढून टाकते, दुसरी आमचा संगणकाला खोचायचा वायफायचा डोंगल चालवते. आणि डोंगलला नेमका तसलाच तुकडा लागतो. मी दोन्ही चालू केल्या. तुझ्या जुन्या पॅकेजाने माझ्यासारखंच दोन्हींना हो म्हटलं, अर्धा दिवस कर्नल तयार होत राहिला आणि वायफाय मुकंच. मला वाटलं राऊटरचा दोष, म्हणून शेजारच्या सुग्रीवभाऊंना तो घेऊन पत्र्यावर चढवलं. "वहिनी, अजून वर म्हन्लं तर आता लिंबावरच जावं लागन," ते म्हणाले. गेलेसुद्धा.

मग तुझं नवं पॅकेज आलं. त्याने काम सुरू करण्याआधीच सांगितलं, या दोन सोयी एकत्र चालणार नाहीत, एक बंद करा. आधी राग आला, मग दिवसभर तुझं कौतुक वाटत राहिलं. एक सोय गुपचूप बंद करून टाकणं तुला सोपं होतं. तू निवड माझ्यावर सोडलीस, आणि तीही चूल पेटण्याआधी. इतकं स्वच्छ, वेळेवर नाही म्हणणं मला चाळिशी उलटली तरी जमलेलं नाही.

तुझी,
मीनाताई

ता.क. आष्टीपुरत्या दोन्ही सोयी चालू ठेवता येतील का? असू दे, समजलं.

आणखी ता.क. परीक्षा बुडू नये म्हणून मी डोंगलची सोय ठेवली, तुकडे काढायची बंद केली. वंदनाकाकूंना अजून सांगितलेलं नाही. रविवारी त्या वर्ग बघायला येणार आहेत (मीच जेवायला बोलावलंय). त्याआधी तू त्यांना फोन करून माझ्या वतीने 'तुमची अट पाळणं जमलं नाही' असं सांगशील का? तू नकार देशील, माहीत आहे. म्हणूनच लिहून विचारतेय. फोनवर तू नाही म्हणालीस, तर मी त्यालाही हो म्हणेन.