दादासाठीचा उपास

सोमवार, ३ तारीख

झाली एकदाची सर्दी! उठले ती शिंकतच. दुष्काळात तेरावा महिना — आधीच दुपारी बारापर्यंत पोटात काही नाही, त्यात हे.

सोडून द्यावंसं वाटलं की लिहून काढायचं ठरवलंय, म्हणून पुन्हा एकदा: दादाचं यकृत निकामी होत चाललंय. माझ्यातला तुकडा त्याला चालतो. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आणि घोडं अडलं माझ्या चरबीपाशी! सर्जन म्हणाले, "असलं यकृत मी कापायला घेणार नाही. वजन उतरवा, चोवीस तारखेला पुन्हा तपासू." म्हणून दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्या वेळातच खायचं. एरवी पाणी नाहीतर कोरा चहा. आयुष्यभर जे चापून खाल्लं, ते आता दादाच्या वाटेत आडवं येऊन बसलंय.

मंगळवार, ४ तारीख

नाक चोंदलंय, डोकं जड. सकाळी आई आलं-मधाची वाटी घेऊन उशाशी हजर.

"मध म्हणजे काय खाणं झालं?"

"आई, मध म्हणजे साखरच."

"देवाचे उपाससुद्धा इतके कडक नसतात. हा कुठल्या देवाचा गं?"

"दादाचा."

वाटी परत नेली आणि मोरीपाशी उभं राहून तो मध तिनंच चाटून टाकला. मला फार वाईट वाटलं. एक मूल आजारी, दुसरं उपाशी — तिनं बघायचं तरी कुणाकडे? एरवी दिवसभर "खाऊन घे, खाऊन घे" करणारी बाई ही.

बुधवार, ५ तारीख

चष्म्याच्या दुकानात कामावर नाकी नऊ आले. शब्दशः! मागच्या खोलीत भिंग चाकावर घासत होते, कड जवळजवळ फ्रेमच्या मापाला आलेली — आणि शिंक! टवका उडाला. दुसरं भिंग घेऊन पहिल्यापासून बसले.

मालक डोकावले. "घरी जा बाई. नाहीतर गिऱ्हाइकाला एका डोळ्यानंच बघावं लागेल."

गेले नाही. घरी बसलं की भूक जास्त लागते. इथे निदान हात गुंतलेले राहतात. भुकेनं हात थरथरतील असं आधी वाटायचं, तसं काही होत नाही. कावळे कोकलतात थोडा वेळ, मग दमून बसतात.

गुरुवार, ६ तारीख

कामाला निघताना दादाला रोज फोन करते. त्याच्या न्याहरीची वेळ असते. त्यानं वेळच्या वेळी, थोडं थोडं खायलाच हवं, उपाशी राहून अजिबात चालणार नाही — डॉक्टरांनी वहिनीला ठणकावून सांगितलंय. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: खाल्लंस का?

आज मी बोलायच्या आधी तीनदा शिंकले.

"म्हशीसारखा आवाज झालाय तुझा. काहीतरी गरम खा ना."

"बारा वाजता."

"नाक बंद, पोट रिकामं, आणि मी इथे अंडी हाणतोय!"

"हाण. तू खायचं, मी नाही खायचं. वाटणी झालीय आपली."

नेहमीसारखा हसला नाही.

वाटणी म्हटलं आणि जुनं आठवत बसले. घरात केक येवो की कलिंगड, आमचा नियम एकच — एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. कापायचा नेहमी दादा. एक तुकडा हमखास मोठा व्हायचा, तो मी उचलायचे. कितीतरी वर्षं मला वाटत होतं, दादाला मेल्याला सरळ कापताच येत नाही.

शुक्रवार, ७ तारीख

खोकलाही आला जोडीला. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. "औषध बिनधास्त घ्या. ताप आला तर मात्र उपास थांबवा आणि मला कळवा." ताप नाही. बघितला.

दुपारी जेवले. चवच नाही! सूप काय, पाव काय, सगळा लगदा. आणि तरी ताट चाटूनपुसून साफ! म्हणजे इतकी वर्षं चवीसाठी खात होते, की नुसती सवय म्हणून?

शनिवार, ८ तारीख

वजनकाटा खाली सरकलाय!! आईला सांगितलं. "लेक वाळली म्हणून पेढे — जाऊ दे," म्हणाली आणि डोळे पुसले.

रविवार, ९ तारीख

दादाकडे जायचं होतं. वहिनीनं फोनवरच अडवलं. "ताई, रागावू नका, पण सर्दी पुरती गेल्याशिवाय इकडे नको. ह्यांना झाली तर निस्तरता येणार नाही." बरोबरच आहे तिचं. फोनच्या पडद्यावरच भेटलो. दादाचे गाल बसल्यासारखे वाटले. आजारच तो, दुसरं काय होणार.

"खाल्लंस का?"

"पोटभर. तू?"

"बारा वाजता!" दोघंही हसलो.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथेच लिहिते. मला भीती वाटते. पोट फाडणार, आतला एवढा तुकडा काढणार. परवा खोकताना मनात आलं — ताप चढला, तपासणी लांबली, तर त्यात माझा काय दोष? क्षणभर चक्क बरं वाटलं! मग कितीतरी वेळ स्वतःचीच किळस आली. भीती गेलेली नाही. पण बारापर्यंत काही खाल्लं नाही.

बुधवार, १२ तारीख

काल दादा चक्कर येऊन पडला. दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे. गुरुवारपासून सकाळचं खातच नव्हता. वहिनी कामावर गेली की ताट झाकून ठेवायचा, बारा वाजता उघडायचा. मी फोनवर नुसती ओरडले. तो म्हणाला, "तू उपाशीपोटी शिंकत विचारायचीस, खाल्लंस का. घास गिळवेना गं मला."

आज सकाळी फोन समोर ठेवून, तो बघत असताना एक अंडं खाल्लं. मग त्यानं खाल्लं.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, वेळ बदला, तपासणी ठरल्या दिवशीच. तेव्हा आजपासून माझं खाणं सकाळी आठ ते दुपारी चार. दादाला म्हटलं, उपास सोडला. आईला बजावलंय, मी रात्री जेवत नाही हे त्याच्यापुढे काढायचं नाही.