तुझ्या भागीदाराचं लिव्हर

बाबा, तुला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि आज मला तुझ्या भागीदाराचा राग आला. राग तरी कसला, जळफळाटच. ज्या काकांबरोबर तू श्रीवर्धनहून सामाईक होडी काढायचास, ते आज स्वतःच्या पायांनी चालत आमच्या आरोग्य केंद्रात आले. मी तिथे नर्स आहे, हे तू पाहिलं नाहीस. वजनकाट्यावर उभं राहून म्हणाले, "काल बांगडा खाल्ला गो बाय. दोन खाल्ले." मी हसले, आणि तू दूर सारलेली अळणी पेज डोळ्यांपुढे आली.

तुझ्यासारखंच त्यांचं लिव्हर निकामी झालं होतं. तेच पिवळे डोळे, तेच पाण्याने फुगलेलं पोट. पण तू जन्मात दारूला शिवला नाहीस. तुला रक्तातली जुनी कावीळ भोवली, तरी किनाऱ्यावर लोक "पीत असणार" म्हणत राहिले. काका मात्र रोज प्यायचे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा कुठे सोडली. आणि बरं कोण होतंय, तर काका.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, फाइल घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. मी सुकट निवडत होते. मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या उपचाराची चाचणी चालली होती. रोग्याच्याच कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या आणि लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून आत सोडायच्या. त्यामुळे लिव्हर सुधारेल अशी आशा. "खात्री न्हाय, असं त्यांनी कागदावरच लिहून दिलंय," ती म्हणाली. "तू नर्स हायस. तुझा बाबा असता तर नेला असतास का?"

मी म्हणाले, "प्रयोगच आहेत अजून ते. उगाच त्यांचे हाल करू नकोस. घरी ठेव, सुखाने जाऊ दे." प्रयोग आहेत हे खरंच होतं. पण खरं आहे म्हणून मी ते बोलले नव्हते. तुला जे मिळालं नाही ते त्यांनाही मिळू नये, म्हणून बोलले. तिने माझ्या सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग फाइल मिटून म्हणाली, "ते शिव्या देतील मला. पण मी नेते."

आणि नेलं. काकांनी गाडीत पाय ठेवल्यापासून शिव्या दिल्या, तिने ऐकून घेतल्या. काही महिन्यांनी पोट उतरलं, डोळे निवळले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा गुण नव्या पेशींचा की दारू सुटल्याचा, आत्ताच सांगता येणार नाही. किती टिकेल तेही नाही. ते वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. मागच्या तपासणीत एक आकडा जरासा घसरला, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. मग मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आज ती त्यांना बाकावरून उठवत होती. "उठा, नाटकं पुरे," म्हणाली. काकांनी एक कचकचीत शिवी हासडली आणि ती खळखळून हसली. तेव्हा मला कळलं, मी काकांवर जळत नाहीये, तिच्यावर जळतेय. तिने बापाचं ऐकलं नाही.

मी तुझं ऐकलं. लिव्हर बदलावं लागेल, घरचं कुणी थोडं देऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि माझं रक्त तुझ्याशी जुळलं. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालास, "पोरीचं पोट फाडून मला जगायचं न्हाय. परत बोललीस तर तुझं तोंड बघणार न्हाय." मी परत बोलले नाही. वाडीत अजून सांगतात, बाप असावा तर असा. आई म्हणते, पोरीने बापाचा शब्द राखला. मीही तसंच सांगत आले.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणूनच लिहिते. तू नको म्हणालास आणि मी मागच्या दारी गेले, ती रडायला गेले असं सगळ्यांना वाटलं. मी रडले नाही, बाबा. मला सुटल्यासारखं झालं होतं.